रावजी घरतांच्या तेवीस डब्या

उरणकडे एखाद्याला कसलं वेड लागलं की गाव त्याला सुखासुखी सोडत नाही. कुणाला क्रिकेटच्या टुर्नामेंटांचं लागतं, कुणाला शर्यतीच्या बैलांचं, कुणाला बंगल्याच्या गच्चीवर सिमेंटचे सिंह बसवण्याचं. ही वेडं गावाला समजतात. रावजी घरतांना लागलं ते मात्र कुणाच्या डोक्यात शिरेना. सहा फूट उंचीचा, एकतीस वर्षं ट्रेलर चालवलेला, हाताचे पंजे फावड्याएवढे असलेला हा गडी चिनीमातीच्या चिमुकल्या डब्या जमवायचा. बोटभर उंचीच्या फ्रेंच डब्या. वर गुलाबाचे हार, पंखवाली बाळं, झुल्यावरच्या बाया रंगवलेल्या, आणि झाकणाला सोनेरी पाण्याची पितळी कड. एक अंड्याच्या आकाराची, एक मिटलेल्या पुस्तकाची, एक आकाशी रंगाची, तिच्यावर नुसता पोपट. अशा तेवीस. गावाने त्यांचं नाव ‘डबीशेठ’ ठेवलं आणि रावजींनी ते मुकाट्याने स्वीकारलं.

आता हे वेड आलं कुठून? माझ्या मते त्याचं मूळ ट्रेलरमध्येच आहे. रावजींचा बाप मिठागरात राबला. आगराच्या जमिनी बंदरासाठी गेल्या, मीठ ओढणारे हात स्टिअरिंगवर आले. रावजी एकविसाव्या वर्षी कंटेनर ओढायला लागले. त्या धंद्याचा नियम सोपा असतो. दारावरचा नंबर कागदाशी जुळला पाहिजे आणि सील शाबूत पाहिजे. आत काय भरलंय याच्याशी ड्रायव्हरला काही कर्तव्य नाही. बाकीचे ड्रायव्हर हा नियम पाळून निवांत झोपायचे. रावजींना मात्र झोप लागायची नाही. चाळीस फुटी डबा पाठीवर घेऊन माणगावपर्यंत जायचं, उतरवून यायचं, आणि आत काय होतं ते जन्मात कळायचं नाही, हे त्यांना जाचायचं. ते उभ्या ट्रेलरच्या मागे जाऊन दाराच्या रबराला नाक लावायचे. “कॉफी हाय,” असं म्हणायचे, नाहीतर “सफरचंदं.” दोस्त पोट धरून हसायचे.

दोन हजार तेरा साली त्यांनी हर्षदभाईंच्या गोडाऊनला एक कंटेनर पोचवला. हर्षदभाई युरोपातून जुनं फर्निचर आणायचे आणि अलिबागकडच्या बंगलेवाल्यांना विकायचे. त्या दिवशी हमाल कमी होते, म्हणून रावजींनी हात दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ओढलेल्या कंटेनरचं सील त्यांच्यासमोर तुटलं. एक आरशाचं टेबल उतरवताना त्याचा खण सरकला आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्यांच्या तळहातावर पडलं. कागद सोडला तर आत डबी. झाकणावर एक बाई, रेशमी झगा घातलेली, हातात रिबीन बांधलेली काठी, भोवती तीन शेळ्या. झाकण घट्ट होतं. रावजींनी अंगठ्याने जोर दिला तेव्हा ते कुरकुरत उघडलं. आतून डबी पांढरीशुभ्र होती.

“लई जाव ने, रावजीभाई,” हर्षदभाई म्हणाले. “घेऊन जा. आपला धंदा कपाटांचा, डब्यांचा नाही.”

रावजींनी घरी येऊन ती आईला दाखवली. आई म्हणजे नीराबाई. तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेल्या. तरुणपणी मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहून त्यांची मान अशी ताठ झाली होती की बसल्या जागीही त्या डोक्यावर पाटी असल्यासारख्या दिसायच्या. त्यांनी डबी उलटसुलट केली, झाकणावरच्या बाईकडे नीट पाहिलं आणि निकाल दिला.

“रेशमाचे झगे घालून शेलया राखतंय व्हय ही? पायात सपाता बग मखमलीच्या. हिला एक तरी शेली वलखल काय?”

मग त्यांनी झाकण लावलं. टक् असा आवाज झाला. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा टक्. नीराबाईंचा चेहरा उजळला.

“हिच्यान माजी मशेरी सादलनार न्हाय,” त्या म्हणाल्या आणि डबी ओच्यात टाकली.

मशेरीचं दुखणं ज्याला ठाऊक नाही त्याला यातलं सुख कळायचं नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावायची. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा दिवस तिच्याशिवाय उगवत नाही आणि मावळतही नाही. पण खाडीची हवा दमट. पत्र्याच्या डबीत ती चार दिवसांत सादळते, प्लास्टिकच्या डबीत वास मारते. ही परदेशी डबी मात्र हवेचा कण आत घेत नव्हती. रावजींनी बिजागरीला तेलाचा एक थेंब सोडला आणि डबी नीराबाईंची झाली.

रावजींचं मन मात्र त्या डबीत अडकलं ते अडकलंच. ही कुणाची असेल? कुणी उघडली असेल, आत काय ठेवलं असेल? बंद डब्यांमागे आयुष्य घालवलेल्या माणसाला पहिल्यांदाच एक उघडता येणारी डबी मिळाली होती, आणि तीही काही सांगत नव्हती. मग हर्षदभाईंचा कंटेनर आला की रावजी हमालांच्या आधी हजर राहू लागले. कुठल्या खणात फुटक्या झाकणाची मिळाली, कुठे बिजागरी तुटलेली. चांगली सापडली तर हर्षदभाईही ती चहापाण्याच्या पैशांऐवजी देऊन टाकायचे. रावजी प्रत्येक डबीला एक मालक लावायचे. पोपटवाली होती एका बोलक्या विधवेची. पुस्तकवाली एका भटजीची, म्हणजे तिकडच्या पाद्रीबाबाची. फक्त पहिल्या डबीला त्यांना मालक सुचत नव्हता.

पहिल्या डबीच्या तळाशी निळ्या रंगात एक खूण होती. एकमेकांत गुंतवलेली दोन अक्षरं आणि त्यांच्या पोटात तिसरं बारीक अक्षर. कंटेनरचे नंबर वाचून ज्याची नजर तयार झाली आहे, त्याच्या दृष्टीने ही सहीच. पण वाचायची कशी? बरीच वर्षं ती तशीच राहिली. पुढे सून आली, भाविका, तालुक्याच्या शाळेत शिक्षिका. तिने मोबाइलवर शोधून एक तक्ता काढला. ही फ्रान्सच्या राजाच्या कारखान्याची खूण, आणि मधलं अक्षर सालाचं. ए म्हणजे सतराशे त्रेपन्न. तिने बोटांवर मोजलं. डबीवरचं के म्हणजे सतराशे त्रेसष्ट.

“पप्पा, सतराशे त्रेसष्ट!” ती ओरडली.

रावजींनी त्या दिवशी गावात पेढे वाटले. सील शाबूत, नंबर जुळला, विषय संपला. सील खोटं असू शकतं असा विचार एकतीस वर्षांत त्यांच्या मनाला शिवला नव्हता, तो आता कुठून शिवणार? तेव्हापासून भेटेल त्याला ते सांगायचे की राजाच्या कारखान्यातली अडीचशे वर्षांची डबी आमच्या घरी आहे आणि म्हातारी तिच्यात मशेरी ठेवते. लोक हसायचे, रावजीही हसायचे. नीराबाई शांतपणे बोट बुडवायच्या.

हे असंच चाललं असतं. पण यंदा ग्रामस्थांच्या वाचनालयाला नवा हॉल झाला आणि कमिटीने ठरवलं की उद्घाटनाला रावजींच्या डब्या मांडायच्या. ज्या गावाने बारा वर्षं चेष्टा केली, त्याच गावाने काचेचं कपाट करून घेतलं आणि मधोमध मखमलीची उशी ठेवली, राजाच्या डबीसाठी. रावजींना आभाळ ठेंगणं झालं. डब्यांसमोर ठेवायच्या माहितीच्या चिठ्ठ्या चुकायला नकोत म्हणून भाविकाने तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला बोलावलं. ही सई, मूळची रेवदंड्याची, नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांची मुलगी, मुंबईच्या एका संग्रहालयात जुन्या भांड्यांची दुरुस्ती करते. ती रविवारी येणार होती.

मंगळवारी रावजींनी आईच्या ओच्यातून डबी काढून घेतली.

“आये, चार दिस दे. राजाची वस्तू हाय. अशी तंबाखूनं भरलेली दाखवू काय मी?”

“दाखव की. तंबाखूला काय झालं?”

रावजींनी ऐकलं नाही. त्यांनी मशेरी प्लास्टिकच्या बरणीत ओतली आणि डबी घेऊन मोरीवर बसले. आतला तपकिरी डाग साबणाने हटेना. मग त्यांनी तेच केलं, जे त्यांच्या घरात सात पिढ्या चालत आलं होतं. आगऱ्याच्या घरात समई असो, तांब्या असो, देवाचा टाक असो, चकाकी आणायची ती चिंच आणि जाड्या मिठानेच. चुलतभावाच्या उरल्यासुरल्या आगरातलं राखाडी मीठ त्यांनी मूठभर घेतलं आणि डबी आतून, बाहेरून, तळाशी, कडेने, जीव ओतून घासली. डाग गेला. झाकणाच्या काठावरची सोनेरी वेल पण गेली. तळाची निळी खूण अर्धी फिकी पडली. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा हातातलं मीठ संपलं होतं.

नीराबाईंनी बरणीला हात लावला नाही. “मना नको तुजी बरनी,” एवढं बोलून त्यांनी लेकाशी बोलणं टाकलं. गुरुवारपर्यंत बरणीतल्या मशेरीचे गोळे झाले. भाविका म्हणाली की सुटलीच आहे सवय तर सुटू द्या, तंबाखू काही औषध नव्हे. ती शिक्षिका, तिचं बरोबरच होतं. पण म्हातारी जेवेनाशी झाली. सकाळी उठून ओच्यात हात घालायची, काही नाही हे आठवायचं, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रावजी उंबऱ्यातून बघायचे आणि मनात हिशेब लावायचे. सईने सतराशे त्रेसष्ट म्हटलं की डबी कपाटात जाणार आणि गाव ती परत सोडणार नाही. मग आईला काय सांगायचं? आणि नाही म्हणाली तर? तर गावाला काय सांगायचं?

रविवारी सई आली. बारीक चणीची, हसरी, पण डबी हातात घेतली की एकदम गप्प होणारी. ओटीवर चादर पसरून बावीस डब्या मांडल्या होत्या, त्या तिने एकेक करून पाहिल्या. तेविसावी रावजींनी स्वतः तिच्या हातावर ठेवली. खाटेवर नीराबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या, म्हणजे झोपल्याचं दाखवत होत्या.

सईने भिंग लावलं. झाकण पाहिलं, तळ पाहिला, पुन्हा झाकण पाहिलं.

“काका, ही कशाने घासलीत?”

“मिठानं. आमच्याच आगरातलं.”

“त्यात रेती असते ना?”

“असतंच थोडी.”

“मग ऐका,” सई हळूच म्हणाली. “सतराशे त्रेसष्टात राजाच्या कारखान्यातली माती मऊ असायची, तिच्यावरची झिलईसुद्धा मऊ. तुमच्या त्या मिठाने तिच्यावर ओरखड्यांचं जाळं उठलं असतं. इथे झिलईला काही म्हणजे काही झालेलं नाही, फक्त वरचं सोनं निघालंय. ही कडक माती आहे, नंतरची. आणि शेळ्यांखालचं हे हिरवं गवत बघा. हा हिरवा रंगच तेव्हा निघाला नव्हता. ही डबी शंभरेक वर्षांनंतरची आहे. अठराशे सत्तर-ऐंशीच्या सुमाराची.”

“पन खूण हाय ना. नंबर हाय.”

“खूणही नक्कल आहे, काका. त्या काळात तिकडे पणजोबांच्या जमान्याची हौस आली होती. जुन्या घाटाच्या, जुन्या चित्रांच्या वस्तू नव्याने करायचे आणि खाली जुनीच खूण रंगवायचे. कुणी फसवायला, कुणी नुसती शोभा म्हणून. तुमच्या यातल्या बहुतेक सगळ्या त्याच हौसेतल्या आहेत. पण आहेत सुंदर, आणि दीडशे वर्षांच्या तर आहेतच.”

रावजींना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. साल गेलं, राजा गेला, पेढे आठवले. एकतीस वर्षं ज्या सीलवर डोळे मिटून भरवसा टाकला, ते सील खोटं निघालं होतं. तरी त्यांचं मूळचं कुतूहल मेलं नव्हतं. त्यांनी विचारलंच.

“मंग कोनाची होती ही? काय ठेवायचं हिच्यान?”

“घाट तंबाखूच्या डबीचा आहे. नाकाने ओढायची ना तपकीर, तिची. राजाच्या काळात मोठी माणसं अशा डब्या खिशात बाळगायची.”

खाटेवरून खोकल्याचा आवाज आला. तंबाखू हा शब्द नीराबाईंच्या कानांवर पडला होता.

“पण ही बनली तोपर्यंत असल्या डबीत तपकीर ठेवणारे जवळजवळ उरले नव्हते,” सई सांगत होती. “या कपाटात मांडायला बनायच्या. तंबाखूच्या डबीसारखी दिसणारी शोभेची वस्तू. म्हणूनच मला एक कोडं पडलंय. ही झाकणाची कड बघा. या एकाच जागी पितळ झिजून खोलगट झालंय, अंगठ्याने. मिठाने असं होत नाही. ही कुणीतरी रोज उघडलेली आहे, वर्षानुवर्षं. तुम्हाला मिळाली तेव्हा आत काही डाग होता?”

“कसला डाग? आतून दुधासारखी पांढरी होती. झाकन हलत पन नव्हतं. मीच तेल सोडलं.” बोलता बोलता रावजी थांबले. त्यांनी डबी घेतली आणि कडेवरून बोट फिरवलं. त्या खोलगट जागी त्यांचा अंगठा बसत नव्हता. जागा लहान होती.

“बारा वर्सं,” खाटेवरून आवाज आला. नीराबाई उठून बसल्या होत्या. पाच दिवसांत पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि तेही पाहुणीशी. “सकाली न सांजला. मशेरी ठेवतंय मी हिच्यान. माजी डबी हाय ती.”

सईने एकदा डबीकडे पाहिलं आणि एकदा म्हातारीच्या हाताकडे. मग ती उठून खाटेजवळ गेली.

“आजी, मला अगदी छातीठोक सांगता येणार नाही. पण काका म्हणतात तशी ही आतून कोरी होती, तर हिच्यात तंबाखू ठेवणाऱ्या पहिल्या तुम्हीच. दीडशे वर्षं ही नुसतीच डबीसारखी दिसत होती.”

नीराबाईंना यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, “मंग? डबी दुसऱ्या कशाला असते?”

रावजी उठले आणि मागच्या दारी गेले. बारा वर्षं ते फ्रान्समध्ये मालक शोधत होते. बोलक्या विधवा आणि पाद्रीबाबा, कुणाकुणाला त्यांनी जन्माला घातलं होतं. आणि मालकीण हाताच्या अंतरावर खाटेवर बसलेली. तिच्या मशेरीचा आतला तो तपकिरी डाग हीच त्या डबीची खरी खूण होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने घासून काढली होती. या गोष्टीची त्यांना एवढी लाज वाटली की मोरीशी उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी डोळे पुसले, चूल पेटवली, तवा चढवला आणि तंबाखूची पानं चुरून टाकली.

मशेरी भाजणं हे बाप्याचं काम नव्हे. घर धुराने भरलं. रावजी ठसकले, भाविका पदर नाकाला लावून बाहेर पळाली, सईच्या डोळ्यांना धार लागली. खाटेवरून सूचनांचा भडिमार सुरू झाला. “जालशील! हलव, हलव. खाली लागतंय बग!” गार झाल्यावर त्यांनी ती कुटली, जुन्या धोतराच्या तुकड्याने गाळली आणि डबीत भरली. झाकण लावलं. टक्.

नीराबाईंनी डबी घेतली. खोलगट जागी त्यांचा अंगठा आपसूक बसला. मग त्यांनी झाकणाच्या काठाकडे पाहिलं.

“सोनं घासून टाकलंस मेल्या,” त्या म्हणाल्या, आणि बोट बुडवलं.

पुढच्या रविवारी वाचनालयाचं उद्घाटन झालं. कपाटात बावीस डब्या होत्या आणि मधली मखमलीची उशी रिकामी होती. उशीसमोर भाविकाच्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी होती, मजकूर मात्र रावजींचा. लोक वाकून वाकून वाचत होते. नीराबाईंना वाचता येत नव्हतं. त्या पहिल्या रांगेत खुर्चीवर ताठ मानेने बसल्या होत्या.

“काय लिवलंय रं?” त्यांनी विचारलं.

रावजींनी वाचून दाखवलं. “तंबाखूची डबी. फ्रान्स, सुमारे अठराशे पंचाहत्तर. जुन्या डबीची नक्कल. पहिली मालकीण नीराबाई घरत. डबी सध्या वापरात आहे.”

नीराबाईंनी ओच्यात हात घालून डबी चाचपली.

“बराबर हाय,” त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये टक् असा आवाज झाला, तसे कपाटापाशी वाकलेले लोक वळून बघायला लागले.